गुन्हेगाराची भूमिका : जसपाल भट्टी आणि दूरदर्शनवरील प्रहसन

मराठीत विनोदाची चर्चा बहुधा छापील मजकुरापाशी येऊन थांबते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे ही परंपरा आपण वर्गात शिकवतो, तिच्यावर प्रश्नपत्रिका काढतो, शोधनिबंध वाचतो. पण गेल्या चार-पाच दशकांत आपल्या समाजाने ज्या माध्यमातून सर्वाधिक विनोद अनुभवला, त्या दूरचित्रवाणीच्या विनोदाला आपण 'करमणूक' या एका शब्दात निकालात काढतो. त्यामुळे काही महत्त्वाचे वाङ्मयीन प्रश्न आपल्या नजरेतून सुटतात, असे आम्हांस वाटते. जसपाल भट्टी यांच्या कारकिर्दीकडे वळण्याचे कारण हेच आहे.

भट्टी यांचा जन्म 3 मार्च 1955 रोजी अमृतसर येथे झाला. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. तेथेच मित्रांच्या साहाय्याने त्यांनी 'नॉनसेन्स क्लब' उभा केला. हा क्लब रस्त्यावर, चौकात, लोकांच्या गर्दीत भ्रष्टाचाराची टिंगल करणारी छोटी प्रहसने सादर करी. पुढे काही काळ त्यांनी चंदीगडच्या 'द ट्रिब्यून' या वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढली. पथनाट्य आणि व्यंगचित्र या दोन्ही कलांना वेळ थोडा मिळतो, जागाही थोडी. प्रेक्षक पुढे सरकण्याच्या आत मुद्दा पोहोचला पाहिजे, ही दोघींचीही अट. भट्टींच्या पडद्यावरील प्रहसनाची घडण या दोन शाळांत झाली.

जालंधर दूरदर्शनवरील 'रंग में भंग' हा त्यांचा आरंभीचा कार्यक्रम. परंतु देशाला ते परिचित झाले ते 'उलटा-पुलटा'मुळे. 1987 साली दूरदर्शनने सकाळचे प्रक्षेपण सुरू केले. त्या प्रक्षेपणातले काही मिनिटांचे हे चुटकुले पाहूनच अनेक घरांतली माणसे कचेरीला बाहेर पडत. दाढी, पगडी आणि कधीही न बदलणारा चेहरा अशी भट्टींची मूर्ती होती. आवाज चढत नसे, अंगविक्षेप नसत. हास्यास्पद गोष्ट ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला क्षणभर शंका यावी, की गंमत यांनी केली की खरोखरच व्यवस्था अशी आहे?

येथे काळाचे भान ठेवणे आवश्यक आहे. 1984 साली सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई, इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरचे शीखविरोधी हत्याकांड घडले होते. पंजाबात दहशतवाद धुमसत होता. वृत्तपत्रांतून व पडद्यावरील बातम्यांतून पगडीधारी माणसाची जी प्रतिमा घरोघरी पोहोचत होती, ती भयाची आणि संशयाची होती. दुसरीकडे, मराठीसह सर्वच भाषांत 'सरदारजी'वरचे विनोद राजरोस चालत आणि त्यांत तो कायम मंदबुद्धीच असे. या दोन प्रतिमांच्या मधोमध भट्टी उभे राहिले. त्यांच्या प्रहसनात शीख माणूस विनोदाचा विषय नाही, विनोदाचा कर्ता आहे. तो हसवतो ते स्वतःच्या पगडीवरून नव्हे, तुमच्या-आमच्या लबाडीवरून. त्यांनी याविषयी पडद्यावरून एकही भाषण केले नाही. करण्याची गरज नव्हती, हेच त्यांचे यश होय.

1989 साली 'फ्लॉप शो' आला. त्याचे अवघे दहा भाग झाले. लेखन-दिग्दर्शन भट्टींचे, निर्मितीची धुरा आणि पत्नीची भूमिका सविता भट्टींकडे, आणि भागागणिक वेगळ्या भूमिकेत येणारे विवेक शौक हे त्यांचे सर्वांत भरवशाचे सहकलाकार. खर्च बेताचा, नेपथ्य साधे. प्रत्येक भाग उपरोधिक अर्पणपत्रिकेने सुरू होई आणि त्यात ज्यांचे वाभाडे काढायचे त्यांनाच तो भाग मोठ्या आदराने अर्पण केलेला असे. श्रेयनामावलीत दिग्दर्शनाऐवजी 'मिसडायरेक्शन' लिहिलेले असे. शेवटी एखाद्या लोकप्रिय हिंदी चित्रपटगीताचे विडंबन येई. 'झेंडूची फुले' शिकवणाऱ्यांस हे तंत्र नवे नाही. मूळ गीताची गोडी कानात असताना शब्द मात्र खोट्या बिलांचे, असा तो विसंवाद होता.

विषय पाहावेत. वैद्यकीय खर्चाची खोटी बिले सादर करणारे सरकारी नोकर, चहा-फराळापलीकडे कोणताही निर्णय न घेणारी कार्यालयीन बैठक, कंत्राटदार, टेलिफोन खाते, प्रमुख पाहुणा होण्याची हौस आणि खुद्द दूरचित्रवाणी मालिकांचे निर्माते. यांत कोणी मोठा खलनायक नाही. हे सारे आपल्या गल्लीत राहणारे, सणाला फराळाचे ताट पाठवणारे सज्जन आहेत.

त्या दशकातील आणखी दोन मालिका शेजारी ठेवल्या, तर भट्टींचे वेगळेपण स्पष्ट होते. 1985 साली 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकरांची रजनी व्यवस्थेशी भांडे आणि भागाच्या शेवटी बहुधा जिंके. 1988 साली आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेली 'वागले की दुनिया' आली. त्यातला वागले हा कारकून व्यवस्थेखाली दबे, गोंधळे, पण आपली सभ्यता सोडत नसे. एक लढवय्यी, दुसरा सोशिक. दोहोंतही प्रेक्षकाची सोय एकच होती : त्याला चांगल्या माणसाच्या बाजूला बसायला मिळे. 'फ्लॉप शो'ने ही खुर्चीच काढून घेतली. येथे प्रमुख भूमिकेत भट्टी स्वतः असत आणि बहुतेक वेळा तेच लबाड असत. खोटी बिले सादर करणारा अधिकारी तेच, बैठक लांबवणारा साहेबही तेच. अन्यायाची गोष्ट अन्याय करणाऱ्याच्या दिवाणखान्यातून सांगितली जाई आणि त्या दिवाणखान्यातला टेबलफॅन, शोकेस, सोफ्यावरचे कापड आपल्या घरातल्यासारखेच असे.

मराठी विनोदाच्या परंपरेत याला जवळचे काय? चिमणराव नव्हे. चिमणराव हा परिस्थितीचा बळी आहे आणि त्याच्या भाबडेपणावर आपण माया करतो. आमच्या मते भट्टींचे खरे नाते दिवाकरांच्या नाट्यछटेशी आहे. 1911 पासून दिवाकरांनी हा प्रकार मराठीत रुजवला. त्यात बोलणारे पात्र आपल्याच तोंडाने आपले ढोंग उघडे करते, लेखक बाजूला गप्प उभा असतो. निवाडा वाचकाने करायचा. भट्टींनी दिवाकर वाचले असतील असा आमचा दावा नाही. तशी शक्यताही फारशी नाही. परंतु दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या भाषांत मध्यमवर्गाच्या दांभिकतेवर बोट ठेवू पाहणाऱ्यांना एकच युक्ती सुचावी, ही गोष्ट वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाने विचारात घेण्यासारखी आहे. उपदेश वगळला की दंभ आपोआप बोलू लागतो.

'फ्लॉप शो'मधला एक भाग आम्हा प्राध्यापक मंडळींच्या फार जवळचा आहे. त्यात भट्टी पीएच.डी.चे मार्गदर्शक आहेत आणि त्यांच्या हाताखालचा संशोधक विद्यार्थी प्रबंध लिहिण्याऐवजी त्यांच्या घरची कामे करतो आहे. हा भाग आम्ही तीनदा पाहिला. पहिल्यांदा शाळकरी वयात, घरातल्या मोठ्यांना हसू आले म्हणून हसलो. दुसऱ्यांदा, स्वतः संशोधन करीत असताना, मित्राच्या संगणकावर. तेव्हा हसू कडवट होते, कारण आमच्यापैकी एकाने त्याच आठवड्यात मार्गदर्शकांच्या घरच्या कार्यात पंगती वाढल्या होत्या आणि प्रकरण तिसरे मात्र टेबलावर न वाचता पडून होते. तिसऱ्यांदा पाहिला तो अलीकडे. आता आमच्यापैकी काहींच्या नावापुढे 'मार्गदर्शक' लागले आहे. भाग संपल्यावर खोलीत कोणी काही बोलेना. आम्ही कोणाला भाजी आणायला पाठवत नाही, हे खरे. पण गुणतक्ते भरणे, चर्चासत्राच्या पाहुण्यांना स्थानकावरून आणणे ही कामे कोण करते? 'मुले आपणहून करतात' हे आमचे उत्तर. भट्टींच्या मार्गदर्शकाला विचारले असते तर त्यानेही, त्याच गंभीर चेहऱ्याने, हेच सांगितले असते.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. तेव्हा दूरदर्शन थेट माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अधीन होते. प्रसार भारतीचा कायदा 1990 साली झाला आणि अमलात आला 1997 साली. अशा सरकारी वाहिनीवर चालू दिलेला उपरोध कितपत धारदार असणार? ज्या वर्षी बोफोर्स प्रकरण निवडणुकीत गाजत होते, त्या वर्षी हा कार्यक्रम औषधांच्या बिलांवर हसत होता. म्हणजे लहान चोर पकडून मोठ्यांना वाट मोकळी करून दिली, असे कोणी म्हणू शकेल. आक्षेपात तथ्य आहे. तरीही आम्ही तो पूर्णतः मान्य करीत नाही. मोठ्या चोरावर हसताना प्रेक्षक निर्दोष राहतो; लहान चोरावर हसताना तसा राहू शकत नाही. दुसरी मर्यादा आम्हांस अधिक खटकते. कटकट करणाऱ्या, हौशी पत्नीचा ठसा या प्रहसनांत वारंवार येतो. पुरुषांचे ढोंग इतक्या बारकाईने टिपणारी नजर स्त्रीपात्राच्या बाबतीत जुन्याच साच्यावर समाधान मानते.

1991 नंतर वाहिन्या वाढल्या. भट्टींचे 'फुल टेन्शन'सारखे कार्यक्रम आले, 1999 साली 'माहौल ठीक है' हा पंजाबी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला, 'फना'त (2006) ते जॉली गुड सिंग म्हणून दिसले. मात्र एकाच वाहिनीपुढे बसलेला देश विखुरला होता आणि 'फ्लॉप शो'चे यश पुन्हा साधले नाही. लक्षणीय गोष्ट ही, की पडदा आटला तेव्हा ते पुन्हा रस्त्यावर गेले. 2009 साली महागाईच्या निषेधार्थ चंदीगडमध्ये त्यांनी जत्रा भरवली : रिंग टाका आणि डाळ, तेल, भाजी जिंका. नॉनसेन्स क्लबचा विद्यार्थी चौपन्नाव्या वर्षीही तोच होता. 25 ऑक्टोबर 2012 रोजी पहाटे जालंधर जिल्ह्यातील शाहकोटजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. विजेच्या टंचाईवरचा 'पॉवर कट' हा त्यांचा चित्रपट दुसऱ्याच दिवशी प्रदर्शित झाला. 2013 साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण देण्यात आले. ज्या सरकारी समारंभांची त्यांनी जन्मभर चेष्टा केली, तशाच एका समारंभातला हा सन्मान.

विनोदकाराने बळीची बाजू घ्यावी, असे आपण सहसा मानतो. भट्टींनी गुन्हेगाराची भूमिका स्वतःकडे घेतली आणि प्रेक्षकाला शेजारी बसवून घेतले. पुढच्या सत्रात नाट्यछटा शिकवताना दिवाकरांबरोबर तो पीएच.डी.चा भाग वर्गात दाखवावा, असे आम्ही ठरवले आहे. विद्यार्थी हसतील तेव्हा ते पडद्याकडे पाहतात की आमच्याकडे, हे पाहण्याची तयारी ठेवावी लागेल.