स्वयंपाकघराची जमीन

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, तहनामे येतात. पण घरातल्या जमिनीलाही इतिहास असतो. आज नाशिककडच्या स्वयंपाकघराच्या जमिनीची गोष्ट पाहू. त्याला निमित्तही आहे. जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसू लागल्या आहेत, आणि ओट्याखाली भांडी धुण्याचं यंत्र बसवावं असा विचार काही घरांत होऊ लागला आहे. ते यंत्र तिथे मावेल की नाही, हे ठरतं जमिनीवरून.

पंचवटीतले आणि जुन्या नाशकातले वाडे आठवा. चौक, माजघर, मागे स्वयंपाकघर. पुष्कळ घरांत तिथली जमीन मातीची. ती खणायची, पाणी शिंपायचं, चोपण्यानं चोपायची आणि शेणानं सारवायची. सगळं काम त्या जमिनीच्याच पातळीवर. चूल खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. जेवण पाटावर. भांडी घासायची ती मोरीत उकिडवं बसून, राखेनं आणि चिंचेनं. भांडी पितळेची नि तांब्याची. नाशिकचे तांबट त्यासाठी नावाजलेले होते. अशा जमिनीवर सारवणाचे थर चढत, पोपडे निघत, मग ती पुन्हा खणून नवी करीत. म्हणजे जमीन वर चढली, तरी तिला खाली आणण्याची सोय त्या पद्धतीतच होती.

मग आगगाडी आली. १८६५ साली थळ घाटातली वाट खुली झाली आणि नाशिक मुंबईला जोडलं गेलं. १८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग रायचूरला मद्रासकडच्या मार्गाला मिळाला. त्याच मार्गावर शहाबाद आहे. तिथला चुनखडीचा दगड सपाट थरांनी निघतो, म्हणून लाद्या पाडायला सोपा. रेल्वेमुळे तो लांबलांब जाऊ शकला, आणि 'शहाबादी फरशी' हा शब्द मराठी घरात कायमचा राहायला आला. पुढे १९२२ साली सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेनं सिमेंटच्या रंगीत लाद्यांचा कारखाना काढला. सारवणाचा रोजचा त्रास गेला, मोरीकडे उतार देता येऊ लागला. पण एक गोष्ट बदलली. फरशी चुन्यात किंवा सिमेंटात पक्की बसते. ती सहजासहजी खणता येत नाही.

तिसरा बदल गॅसचा. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅसची टाकी मिळू लागली, आणि पुढे ती गावोगाव पोचली. टाकीपेक्षा शेगडी उंचावर असावी, हा सुरक्षिततेचा नियम. म्हणून ओटा आला. कडप्प्याच्या उभ्या लाद्या, त्यांवर आडवी लादी, खाली टाकीची जागा. स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. भांडी घासणारी मात्र पुष्कळ घरांत मोरीतच बसून राहिली; मग ती घरची सून असो की कामाला येणारी बाई. कंबर नि गुडघे झिजतात ते तिचे.

तिकडे अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन या बाईंनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिलं, पण पहिली गिऱ्हाइकं हॉटेलं होती. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी मोजूनमापून आखलेलं स्वयंपाकघर उभं राहिलं. पुढे तिकडे ओटा आणि यंत्र यांची मापं एकमेकांना जुळत गेली. आपल्याकडे ओटा गवंडी घालतो, घरच्या बाईची उंची पाहून. दोन इतिहास निरनिराळे. गाठ पडते ती ओट्याखाली. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बाया येऊ शकल्या नाहीत, तेव्हा या यंत्राकडे शहरांतल्या पुष्कळ घरांचं लक्ष गेलं.

आता हिशेब करू. ओटा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. वरची ग्रॅनाइट आणि तिच्याखालची लादी मिळून ४ सेंटिमीटर धरा. खाली उरले ८२. यंत्राची रुंदी साधारण ६०, आणि वरचं झाकण काढल्यावर उंची ८१.५ च्या आसपास. म्हणजे अर्धा सेंटिमीटर शिल्लक. आता जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली, तर जमीन सव्वा सेंटिमीटर तरी वर येते. यंत्र आत जाणार नाही! आधी यंत्र बसवून मग फक्त त्याच्यापुढे टाइल घातली, तर ते खड्ड्यात अडकतं. दुरुस्तीला बाहेर काढायचं तर टाइल फोडा, नाहीतर ओटा.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी यंत्राचं माप विचारावं. जुनी फरशी उखडायची की तिच्यावरच बसवायची, हे त्या मापावरून ठरवावं. नवी जमीन ओट्याखाली थेट भिंतीपर्यंत, एकाच पातळीत न्यावी. नळ, सांडपाण्याची वाट आणि अर्थिंग असलेला विजेचा प्लग यांची सोय टाइल लागण्यापूर्वी करावी. कडप्प्याच्या दोन उभ्या लाद्यांतलं अंतरही मोजावं. पण त्या ओट्याचा भार घेतात, तेव्हा जाणत्या गवंड्याला विचारल्याशिवाय हलवू नयेत. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल, तर यंत्रात त्याचं खास मीठ घालावं लागतं. स्टीलची भांडी त्यात चालतात. तांब्या-पितळेची नि कल्हईची हातानंच घासावीत.

शिक्षकांना एक सुचवतो. मुलांना आपापल्या घरचा ओटा मोजून आणायला सांगा, आणि आजीला विचारून या जमिनीवर आजवर कोणकोणते थर चढले ते लिहून आणायला सांगा. गणित आणि इतिहास एकाच वहीत होईल. आणि ज्या घरात यंत्र येणार नाही, तिथेही निदान भांडी घासण्याची जागा उभ्यानं काम होईल इतकी वर घेता येईल. नवी जमीन घालताना ती संधी असते. एकदा सिमेंट सुकलं की पुढची कित्येक वर्षं ती येत नाही.