लघुउद्योग कंत्राट-तंटे (अमेरिका)

लघुउद्योगांसाठी राखलेली सरकारी कंत्राटे कोणाला द्यावीत, यावरून अमेरिकेत उद्भवणारे तंटे. मुख्य कंत्राटांच्या एकूण मूल्यापैकी किमान २३ टक्के वाटा लघुउद्योगांना मिळावा, असे तेथील केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. तंट्यांचे प्रमुख प्रकार दोन. पहिल्यात, कंत्राट मिळवणारी कंपनी खरोखर ‘लघु’ आहे का, हा प्रश्न असतो. कामगारसंख्येची किंवा सरासरी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा उद्योगागणिक बदलते आणि मोजणीत संलग्न कंपन्याही धरल्या जातात. त्यामुळे लहान नावामागे मोठे भांडवल दडलेले नाही ना, हे तपासावे लागते. दुसऱ्यात, काम राखीव ठेवणे खात्यावर बंधनकारक होते का, हा प्रश्न येतो. दोन्ही प्रकारांत चूक सहसा हरलेला स्पर्धकच उजेडात आणतो. राखीव वाट्याची खरी राखण त्याच्या हरकतीमुळे होते.

किंगडमवेअर टेक्नॉलॉजीज खटल्यातून हे स्पष्ट होते. पात्र माजी सैनिकांच्या किमान दोन लघुउद्योगांकडून वाजवी दरात निविदा येण्याची रास्त अपेक्षा असेल, तर स्पर्धा त्यांच्यापुरतीच ठेवावी, असे माजी सैनिक खात्याला २००६ चा कायदा सांगतो. तरीही २०१२ मध्ये खात्याने आणीबाणीच्या सूचनासेवेचे काम ही चाचणी न लावता दुसऱ्या कंपनीला दिले. सरकारी हिशेब-तपासणी कार्यालयाने तक्रारदार किंगडमवेअरच्या बाजूने शिफारस केली; खात्याने ती मानली नाही. माजी सैनिकांच्या उद्योगांसाठीचे वार्षिक उद्दिष्ट गाठण्यासाठी गरज असेल तेव्हाच हा नियम लागू होतो, हा खात्याचा पवित्रा खालच्या न्यायालयांनी उचलून धरला. १६ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला : उद्दिष्ट गाठले तरी बंधन कायम राहते.

अशा हरकतींमुळे सरकारी कामे रखडतात आणि हरलेली कंपनी त्यांचा सूड म्हणून वापर करते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणूनच मुदती कडक आहेत. लघुत्वाविषयीची हरकत सामान्यतः कामकाजाच्या पाच दिवसांत नोंदवावी लागते, तर हिशेब-तपासणी कार्यालयाला १०० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. वेळेत आलेल्या तक्रारीने कामाला आपोआप स्थगिती मिळते, पण निकड असल्यास खाते ती बाजूला सारू शकते. उलट, किंगडमवेअरचा निकाल लागला तेव्हा वादातले काम केव्हाच संपले होते. नियम पुढच्यांच्या उपयोगी पडला, तक्रारदाराचे कंत्राट मात्र गेलेच. तेव्हा हरकतीचा हक्क आखडण्यापेक्षा तिचा निकाल काम संपण्याआधी लावणे, हाच या आक्षेपावरचा योग्य उपाय ठरतो.