हवामानबदलविषयक स्थानिक नियोजन प्रशिक्षण

हवामानबदलविषयक स्थानिक नियोजन प्रशिक्षण म्हणजे ग्रामपंचायती, नगरपरिषदा व जिल्हा परिषदा यांचे लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि कर्मचारी यांना विकास आराखड्यात हवामानबदल, पाणी व नवीकरणीय ऊर्जा यांचा विचार करण्यास सक्षम करणारे प्रशिक्षण होय. प्रस्तुत लेखात या विषयाचा आढावा सांगली जिल्ह्यातील विटा शहर व परिसराच्या संदर्भात घेतला आहे.

घटनात्मक आधार

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांना नियोजनाचे घटनात्मक स्थान मिळाले. ग्रामपंचायतींशी संबंधित अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत पर्यावरणाचे संरक्षण व पथदिव्यांसारख्या सुविधा आहेत; ऊर्जा हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे गाव आणि शहर यांच्या प्रशिक्षणाचे स्वरूप काहीसे भिन्न ठरते.

विटा परिसराची पार्श्वभूमी

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्यालय आहे. यंत्रमाग, कुक्कुटपालन आणि देशभर विखुरलेले सोने-चांदी गलाई व्यावसायिक ही त्याची ओळख. हा भाग पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. टेंभू उपसा सिंचन योजनेद्वारे कऱ्हाड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी अनेक टप्प्यांत उचलून खानापूर, आटपाडी आदी तालुक्यांना दिले जाते. हे पाणी विजेवर अवलंबून आहे. सांगली जिल्ह्यातील उपसा योजनांचे पंप थकीत वीजबिलामुळे अनेकदा बंद राहिले. त्यावर तोडगा म्हणून वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के भार लाभधारकांनी उचलण्याचे धोरण आले. याच जिल्ह्यात कवठे महांकाळ तालुक्यातील ढालगाव परिसरात पवनऊर्जा निर्माण होते. म्हणूनच येथील पाण्याचे नियोजन ऊर्जेच्या नियोजनापासून वेगळे काढता येत नाही.

पूर्वप्रयोग

लोकसहभागी नियोजनाची परंपरा या तालुक्याला आहे. १९८० च्या दशकात डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीच्या काळात येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडी या गावांसाठी बळीराजा स्मृती धरण बांधण्यात आले. नदीतील वाळूच्या बेसुमार उपशाला विरोध करीत ग्रामस्थांनी मर्यादित वाळूविक्रीतून निधी उभा केला. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा आणि उसाला पाणी न देणे ही या धरणाची तत्त्वे होती. अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक साहाय्य या कामाला लाभले. सुहास परांजपे व के. जे. जॉय यांच्या सहकार्याने दाते यांनी लिहिलेला ‘बँकिंग ऑन बायोमास’ हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी, जैवभार, नवीकरणीय ऊर्जा व विकेंद्रित उद्योग यांची सांगड हा त्याचा विषय आहे.

माझी वसुंधरा अभियान

महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी हे अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर स्थानिक संस्थांचे गुणांकन होते. ऊर्जेचा विचार अग्नी या तत्त्वाखाली केला जातो. पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक संस्थांनी भाग घेतला. त्यांत ४३ अमृत शहरे, २२६ नगरपरिषदा, १२६ नगरपंचायती व २९१ ग्रामपंचायती होत्या. राज्यातील ही ४३ शहरे पुढे ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेतही सामील झाली. एक लाखाहून कमी लोकसंख्येची विट्यासारखी शहरे मात्र या ४३ मध्ये नाहीत. त्यामुळे लहान नगरपरिषदांच्या प्रशिक्षणाला विशेष महत्त्व येते.

लहान शहरांची क्षमता मात्र कमी नसते. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत विट्याने देशात प्रथम क्रमांक मिळवला. लोणावळा व सासवड त्यानंतरच्या क्रमांकांवर होते.

प्रशिक्षणाचा आशय

पुण्यातील यशदा ही राज्याची शिखर प्रशिक्षण संस्था असून ग्रामपंचायत विकास आराखड्याचे प्रशिक्षण हे तिच्या कार्याचा भाग आहे. अशा प्रशिक्षणात पुढील बाबी अपेक्षित असतात :

• पाण्याचा ताळेबंद : पाऊस, भूजल व उपसा योजनेचे पाणी यांची पिकांच्या गरजेशी तुलना.
• ऊर्जेचा ताळेबंद : पाणीपुरवठ्याचे पंप, पथदिवे व सार्वजनिक इमारती यांच्या वीजवापराची नोंद.
• पर्यायांची निवड : सौर पंप, छतावरील सौरसंच व ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस यांचा खर्च व देखभाल यांचा अंदाज.
• जोखीम : दुष्काळ, अवकाळी पाऊस व उष्णतेची लाट यांचा दुर्बल घटकांवरील परिणाम.

मर्यादा

प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि लोकप्रतिनिधींची मुदत पाच वर्षांची असते. २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे होता. या काळात निवडून आलेले सदस्यच नसल्याने त्यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्नच उद्भवला नाही. शिवाय सौरपंपामुळे वीजबिल घटले तरी पाण्याच्या वाटपाचे नियम नसतील, तर भूजलाचा उपसा वाढण्याचा धोका राहतो. बळीराजा धरणाच्या प्रयोगात तंत्राइतकेच महत्त्व समन्यायी वाटपाला होते.