मिटलेले दार आणि मोकळा गळा

देवाचे स्तवन चारचौघांत, टाळमृदंगाच्या गजरात करावे, की दार लोटून मनातल्या मनात करावे? हा वाद आपल्याला नवा नाही. पण ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या याच प्रश्नाला युरोपातल्या एका शहराने इतक्या निष्ठेने उत्तर दिले, की तिथली देवळे ७० वर्षांहून अधिक काळ गाण्याला मुकली. त्याची ही हकीकत.

आधी वचने पाहू. बायबलातील स्तोत्रसंहिता सांगते की परमेश्वराची स्तुती भरसभेत करावी, कर्णे, डफ आणि झांजा वाजवून करावी. तिथून आमोस संदेष्ट्याकडे वळावे, तर लोकांची गाणी म्हणजे देवाला नकोसा झालेला गोंगाट! मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन तर अधिकच कोड्यात टाकते. पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तुमची सत्कृत्ये लोकांच्या दृष्टीस पडावीत, म्हणजे ते देवाचे गौरव करतील. आणि सहावा अध्याय सुरू होतो न होतो तोच बजावतो की चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्या दांभिकांचे अनुकरण करू नका, खोलीत जाऊन दार लावून घ्या. एकाच प्रवचनात, पानाभराच्या अंतरावर या दोन गोष्टी!

ज्याने हे मिटलेले दार मनावर घेतले, तो स्वित्झर्लंडमधील झुरिकचा धर्मसुधारक उलरिख त्स्विंग्ली. १ जानेवारी १५१९ रोजी, आपल्या ३५ व्या वाढदिवशी, तो तिथल्या ग्रोसम्युन्स्टर या थोरल्या देवळात प्रवचनाला उभा राहिला. मौज अशी की हा मनुष्य गाण्याचा शत्रू मुळीच नव्हता. ल्यूट, व्हायोल, बासरी अशी किती तरी वाद्ये त्याच्या हाती खेळत. तो पदे रची आणि त्यांना चालीही लावी. विरोधकांनी या नादावरून त्याला डिवचले, तेव्हा 'मुलांना गप्प करायला ही विद्या बरी पडते,' अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला.

मग देवळातल्या गाण्यावर त्याचा राग का? त्या काळी देवळात गात ते पगारी गायक आणि पुरोहित, तेही लॅटिनमध्ये. समोरचा शेतकरी, चांभार, विणकर नुसता ऐके, आणि त्यातले अक्षरही त्याला उमजत नसे. १५२३ मध्ये वादसभेसाठी मांडलेल्या ६७ कलमांत त्स्विंग्लीने स्पष्टच म्हटले, की भक्तीवाचून केवळ मोबदल्यासाठी चाललेले हे गाणे म्हणजे लोकांकडून वाहवा तरी मिळवणे, नाही तर पैसा तरी. १५२५ मध्ये जुना उपासनाविधी बंद झाला आणि त्याबरोबर गाणेही गेले. त्याच्या जागी स्त्री-पुरुषांनी आळीपाळीने स्तोत्रवचने म्हणावीत, असे त्स्विंग्लीने सुचवले होते. पण नगरसभेला तेही मानवले नाही. १५२७ च्या डिसेंबरात थोरल्या देवळातला ऑर्गन मोडून काढण्यात आला.

त्याच दुखण्यावर जर्मनीत मार्टिन ल्यूथरने नेमके उलटे औषध दिले. लोक मुके आहेत ना? मग त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच तोंडी पदे द्या. १५२४ पासून त्याच्या पदांच्या पुस्तिका छापून निघू लागल्या, आणि ऐकणारा गाऊ लागला. शेजारच्या कॉन्स्टान्स शहरीही गाण्याच्या बाजूने योहानेस त्स्विक उभा राहिला. तिथल्या पदसंग्रहाला त्याने प्रस्तावना लिहिली. तीत शास्त्राने उपासनेतले गाणे निषिद्ध मानलेले नाही, अशी बाजू मांडली. आणि हा संग्रह १५४० मध्ये छापला कुठे? झुरिकमध्येच! ज्या गावात देवळात गाता येत नव्हते, त्या गावचा छापखाना परगावच्या भक्तांना गाणी पुरवीत होता.

त्स्विंग्ली १५३१ मध्ये काप्पेलच्या रणांगणावर पडला. १५९८ मध्ये झुरिकच्या देवळांत पुन्हा गाणे सुरू झाले. ऑर्गनला मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली.

मला वाटते, या वचनांत विरोध आहे तो वरवरचा. पाचव्या अध्यायात कौतुक पोचते ते देवाला. सहाव्यात ज्यांना झोडपले आहे ते दांभिक ते कौतुक वाटेतच खिशात घालतात. प्रश्न आवाजाचा नाही, पावती कोणाच्या नावे फाडली जाते त्याचा आहे. आमोसाचा रोखही गाण्यावर नाही; गरिबांना नाडून वर गाणाऱ्यांवर आहे. त्स्विंग्लीने रोग बरोबर ओळखला होता. परंतु आतला दंभ बाहेरच्या आवाजाने मोजता येत नाही. ऑर्गन मोडता येतो; 'मी कसा मुकाट्याने भजतो' हा अहंकार मिटल्या दाराआडही सुखाने नांदतो. आणि दांभिकांची तोंडे बंद करताना झुरिकच्या साध्याभोळ्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या देवळात गाण्याला मुकल्या, ही किंमत काही थोडी नव्हे.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्पै शहरच्या तुरुंगाचा प्रसंग आहे. पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत डांबले आहे, पाय खोड्यात अडकवले आहेत. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करतात, देवाची गाणी गातात, आणि इतर बंदिवान कान देऊन ऐकतात. तिथे दारही मिटलेले आहे आणि गळाही मोकळा आहे.