मार्सेलिसचा धक्का आणि शरणागताचें भवितव्य

शरण आलेल्यास मरण देऊं नये, ही आपल्याकडील फार जुनी समजूत आहे. परंतु शरण आलेल्यास परत धाडलें तर पुढें त्याचें काय होईल, हा प्रश्न न्यायासनानें स्वतःहून विचारण्यास विसावें शतक बरेंच सरावें लागलें. त्या इतिहासाचा आरंभ एका महाराष्ट्रीयाच्या उडीपासून सांगतां येतो.

ता. ८ जुलै १९१० रोजीं सकाळीं 'मोरिया' ही आगबोट मार्सेलिसच्या बंदरांत उभी होती. तिच्या शौचकूपाच्या गवाक्षांतून विनायक दामोदर सावरकर यांनीं समुद्रांत उडी घेतली व पोहत जाऊन फ्रान्सचा धक्का गांठला. परंतु फ्रेंच शिपायानें त्यांस धरलें आणि कांहीं मिनिटांतच पुन्हां बोटीवर पोंचविलें. फ्रान्सच्या भूमीवर राजकीय शरणागतास आश्रय आहे, मग हें घडलें कसें, असा गवगवा तेथील समाजवादी पत्रांनीं केला. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजीं दोन्ही सरकारांनीं करार करून तो वाद हेग येथील लवादाकडे सोंपविला.

बेल्जमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट हे अध्यक्ष असलेल्या पांच पंचांनीं २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल दिला. कैदी स्वाधीन करण्यांत अनियमितपणा झाला खरा; परंतु परक्या अंमलदाराच्या चुकीनें हातीं आलेला कैदी परत करावा, असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यांत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. तोंपर्यंत मुंबईस सावरकरांना जन्मठेपेच्या दोन शिक्षा झाल्या होत्या. त्याच वर्षीं त्यांची रवानगी अंदमानांत झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वाद दोन राज्यांच्या मानाचा होता. माणसाच्या भवितव्याचा नव्हता. लंडनच्या न्यायालयांत १८८१ च्या कायद्यान्वयें, परत धाडणें अन्यायाचें किंवा जुलमाचें होईल काय, हें पाहण्याची सोय होती. पण तेथेंही सावरकरांच्या बाजूचा मुद्दा मान्य झाला नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें लक्षावधि लोक निराश्रित केले, तेव्हां दृष्टि पालटली. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क करारानें छळास व अमानुष वागणुकीस बंदी केली. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानें, जेथें जीविताला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथें निर्वासितास लोटूं नये, असें बंधन घातलें. त्या दुसऱ्या करारावर भारतानें सही केलेली नाहीं.

पुढें १९८९ सालीं स्ट्रासबुर्गच्या न्यायालयानें सोरिंग खटल्यांत कसोटी सांगितली : परत धाडल्यास छळाचा खरा धोका आहे, असें मानण्यास भरीव आधार हवा. भावी गोष्टीचा डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा असूं शकत नाहीं. म्हणून न्यायाधीश त्या देशाची स्थिति आणि त्या व्यक्तीची विशेष परिस्थिति, दोन्ही तोलून पाहतात. माणूस अजून परत धाडलेला नसेल, तर स्थिति सुनावणीच्या वेळची धरतात.

१९९६ चा चहल खटला आपल्या देशाशींच निगडित आहे. करमजितसिंग चहल या शीख पुढाऱ्यास ब्रिटन भारतांत धाडूं पाहत होतें. त्यास अपाय होणार नाहीं, असें भारत सरकारनें आश्वासन दिलें होतें. न्यायालयानें त्या सरकारच्या सद्धेतूविषयीं शंका घेतली नाहीं. परंतु पंजाब पोलिसांतील कांहींचा अतिरेक त्या सरकारलाही आवरला नव्हता, म्हणून वचन अपुरें ठरविलें. हा मनुष्य राज्याला घातक आहे, हा ब्रिटनचा युक्तिवादही तेथें चालला नाहीं. निकाल १२ विरुद्ध ७ मतांनीं लागला.

ही कसोटी नेहमीं आरोपीच्याच बाजूनें उतरते असें नाहीं. २०१८ सालीं विजय मल्ल्या यांच्या खटल्यांत लंडनच्या न्यायाधीशांनीं मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांतील १२ क्रमांकाच्या बराकीचें चित्रीकरण मागवून उजेड व वारा यांची खातरजमा केली, आणि १० डिसेंबर रोजीं प्रत्यर्पणास अनुकूल निर्णय दिला.

तो निर्णय कोणास रुचो वा न रुचो. तुरुंगाची खोली तरी पाहिली गेली. हेगच्या पंचांनीं अंदमानच्या कोठडीचें चित्र मागविलें नव्हतें.