हवेलीच्या मागल्या दाराने

वेल्समध्ये रेक्सम गावाजवळ एर्डिग नावाची एक जुनी हवेली आहे. तिथे एका म्हातारीचे तैलचित्र आहे. १७९३ साली ते काढले तेव्हा ती ८७ वर्षांची होती. ती कोणी सरदारीण नव्हे. घरातली कोळिष्टके झाडणारी मोलकरीण! हवेलीचे मालक यॉर्क घराणे मोठे हौशी. त्यांनी आपल्या नोकरांची चित्रे काढून घेतली, त्यांवर पद्ये रचली, आणि पुढे १८५२ पासून त्यांचे फोटोही काढवले.

बाकीच्या हवेल्यांतून मात्र नोकराने दिसू नये, हीच रीत. सातव्या एडवर्डच्या राज्यात, म्हणजे १९०१ ते १९१० या काळात, इंग्लंडातील स्त्रियांना सर्वांत जास्त काम कोणी दिले असेल तर ते गिरण्यांनी नव्हे, परक्यांच्या घरांनी. तेरा-चौदा वर्षांची पोर पहाटे अंधारात उठे, शेगडीतली राख काढी, लोखंड काळ्या पुडीने घासून चकचकीत करी, विस्तव पेटवी. मग कोळशाच्या बादल्या आणि ऊन पाण्याचे तांबे घेऊन मागल्या जिन्याने वर. मालक जागे होईतो खोली उबदार झालेली असे, आणि ती करणारी नाहीशी. नळ आणि वीज आली होती. पण माणसांचे हात स्वस्त असताना खर्च करतो कोण?

कित्येक घरांतून नव्या नोकराचे नावही बदलत. पाट्या वाहणारा कोणीही असो, त्याला जेम्स म्हणायचे; मोलकरणीला मेरी किंवा एमा. गंमत अशी, की नोकरांतही मानपान होताच. पाहुण्यांबरोबर आलेले चाकर आपापल्या धन्याच्या नावाने ओळखले जात आणि त्याच्याच दर्जाप्रमाणे पंगतीला बसत!

पण खरी भीती होती ती वर्तणुकीच्या दाखल्याची. सोडून जाताना मालकिणीने तो दिला नाही, तर दुसरे दार उघडत नसे. आणि तो दिलाच पाहिजे, असा कायदा नव्हता. पोटापाण्याची सारी दोरी त्या एका कागदावर.

१९०७ साली त्या हौशी एर्डिगमध्येच हे प्रकरण पेटले. तिथली एक बाई स्वयंपाकही करी आणि घरही सांभाळी. दुकानदारांची बिले भागवायचे पैसे मालकीण तिच्या हाती देई. पाचशे पौंडांची अफरातफर केली, असा आळ आला आणि खटला उभा राहिला. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवून सोडले. पण ज्या बाईवर चोरीचा खटला झाला तिला दाखला कोण देणार? भिंतीवर चितारलेला मान कुठवर पुरतो, ते इथे दिसते.

१९११ च्या विमा कायद्याने नोकरांसाठी दर आठवड्याला तीन पेन्स भरण्याचे ओझे मालकांवर टाकले. तेवढ्यासाठी लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये निषेधाची सभा भरली आणि आम्ही का तिकिटे चिकटवायची, म्हणून बड्या घरच्या बायका खवळल्या.

पुढे १९१४ साली युद्ध सुरू झाले. पुष्कळ मुली हवेल्या सोडून दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. तिथल्या रसायनाने अंग पिवळे पडे, स्फोटात माणसे मरत. पण पाळी संपली की वेळ आपला, आणि हजेरीपटावर नावही आपले. युद्ध संपल्यावर मालकिणींच्या तक्रारी सुरू झाल्या, की मोलकरणी मिळत नाहीत.