इंजिन बांधण्याची कुळकथा

पनवेलहून पुण्याला निघालं की खोपोलीपुढे बोरघाट लागतो. गोव्याकडे निघालं की पळस्पे फाट्यानंतर कर्नाळ्याची खिंड. दोन्ही वाटांना लागणारी गाडी आधी पनवेलला पाणी-हवा बघते आणि चढणीला हरलेली गाडी टोचन लावून पुन्हा इथेच येते. पुढे कळंबोलीला लोखंड बाजार आला, ट्रक टर्मिनल आलं, आणि त्यांच्यामागोमाग लेथवाले आणि बोअरिंगवाले. इंजिन उतरवायचं, सुटं करायचं, झिजलेलं घासून पुन्हा मापात आणायचं, ही कला या पट्ट्यात पोटापाण्याचा धंदा झाली त्याला बरंचसं कारण घाट आहे.

अशा कामाचं बिल वाचण्यासारखं असतं. पिस्टन-रिंग सेट, बेअरिंग, गॅस्केट किट, ऑइल पंप, टायमिंग चेन. मग लेथची कामं: बोअर-होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट. शेवटी मजुरी. लहान पेट्रोल गाडीचं काम सहसा हजारांत आटोपतं, कॉमन रेल डिझेलचं लाखाच्या घरात सहज जातं. यातली प्रत्येक ओळ वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने जन्मली. आणि एक ओळ बहुतेक बिलांत नसतेच: बॅलन्सिंग.

सगळ्यात जुनं घराणं बोअरचं, आणि ते तोफखान्यातलं आहे. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचं पेटंट 1769 मध्ये घेतलं, पण पुढची काही वर्षं त्याला खरा गोल सिलिंडर मिळेना. पिस्टन आणि भिंत यांच्यामधून वाफ निसटायची. ओतीव लोखंडाच्या भरीव ठोकळ्यातून तोफेची नळी पोखरण्याचं पेटंट जॉन विल्किन्सनने 1774 मध्ये घेतलं, आणि पुढच्याच वर्षी सिलिंडर कोरण्याचं यंत्र उभं केलं. त्यात कापणारं हत्यार दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर बसवलेलं होतं, त्यामुळे ते वाकत नसे. पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन कौतुकाने लिहून गेला. आज पनवेलचा कारागीर एवढ्या चुकीला काम परत पाठवेल, पण 1776 मध्ये तो चमत्कार होता. त्याच वर्षी मार्चमध्ये मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात पुरंदरचा तह झाला. दोन वर्षांनी कंपनीची फौज मुंबईहून पनवेलला उतरली, बोरघाटातून तोफा ओढत वर गेली आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला शरण आली. घाटाने पहिली अवजड यंत्रं हैराण केली ती तेव्हा, म्हणायला हरकत नाही.

सिलिंडर सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेच्या पट्ट्यात झीज जास्त, तिथे बोटाला पायरी लागते. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिकडे आणखी जास्त, म्हणून गोल भोक अंडाकृती होतं. मग गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते, चढावर दम सोडते. नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही, कारण गोल रिंग अंडाकृती भोकात बसणार कशी? म्हणून भोकच मोठं करायचं आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. प्रीमियर पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. अर्धा मिलिमीटर बोअर केला की हिशेबाने 16 सीसी वाढतात. कागदावर न दिसणारी ही बढती कित्येक टॅक्सींना मिळाली असेल. बोअर करून करून भिंत पातळ झाली की लायनर ठोकायचा आणि पुन्हा मूळ मापावर यायचं.

बेअरिंगचं घराणं वेगळं. आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये कथिलाचा मऊ मिश्रधातू काढला, आपल्याकडचं व्हाइट मेटल. जुन्या काळचे उस्ताद ते वितळवून जागेवरच ओतत, क्रँकला निळा रंग लावून कुठे टेकतं ते बघत आणि स्क्रेपरने खरवडत बसत. एकेका इंजिनाला दिवस जात. 1930च्या दशकात पातळ, तयार शेलची बेअरिंग मोटारींत आली आणि हे कसब मागे पडलं. आता क्रँकचे जर्नल ठरलेल्या टप्प्यांनी घासायचे, दहा थाऊ, वीस, तीस, आणि त्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग दुकानातून आणायचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेट्रिकचा कायदा होऊन पिढ्या गेल्या, गॅरेजात अजून थाऊच चालतो.

ही सगळी कला आपल्याकडे एवढी फोफावली ती टंचाईमुळे. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे फियाट आली, 1974 पासून तिचं नाव पद्मिनी. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायची तर इंजिन दोनतीनदा बांधणं आलंच, आणि गाडीही तशीच होती, जाड ओतीव लोखंडाचा ब्लॉक, घासायला भरपूर माल. ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिची इंजिनं बांधणारे हात पनवेल-कुर्ल्यात अजून आहेत.

बॅलन्सिंग मात्र या घराण्यातलं नाही. ते झिजेपोटी जन्मलं नाही, वेगापोटी जन्मलं. फिरणारा दांडा संतुलित करण्याच्या युक्तीचं पेटंट कॅनडात मार्टिन्सनने 1870 मध्ये घेतलं, पण खरी गरज पडली ती जनित्रं आणि टर्बाइनं हजारो फेऱ्यांनी फिरू लागल्यावर. फ्रान्झ लावाचेकच्या कल्पनेवरून जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या कार्ल शेंकने 1907-08 च्या सुमारास बॅलन्सिंगचं यंत्र बनवलं. दांडा धारेवर ठेवून जड बाजू खाली येते का बघणं सोपं. पण एका टोकाला एकीकडे आणि दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूला जास्त वजन असेल, तर उभा दांडा शहाण्यासारखा स्थिर राहतो आणि फिरायला लागला की थरथरतो. हा दोष फिरवल्याशिवाय कळत नाही. ओले कपडे एका बाजूला गोळा झालेलं वॉशिंग मशीन स्पिनला कसं उड्या मारतं, ते घरोघरी ठाऊक आहे.

आकडा बघा. मध्यापासून 10 सेंटिमीटरवर 10 ग्रॅम जास्त वजन आहे. मिनिटाला 1500 फेऱ्यांना ते सुमारे अडीच किलोच्या जोराने ओढतं. 3000 फेऱ्यांना 10 किलो, 6000 ला 40. वेग दुप्पट, ओढ चौपट. फर्स्ट गिअरमध्ये कुंथत घाट चढणाऱ्या फियाटला हे फारसं जाणवत नसे, तिचं दुखणं उष्णता आणि भार. म्हणून पनवेलच्या मिस्त्रीने बोअर शिकला, बॅलन्स शिकला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मग 2002 मध्ये कळंबोलीपासूनचा द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. वेगमर्यादेला टेकून गाडी तास-तास 3000 फेऱ्यांच्या आसपास पळू लागली. बांधलेल्या इंजिनाची 'जरा व्हायब्रेट होतं' ही तक्रार याच रस्त्याची देणगी आहे, असं माझं मत.

प्रत्येक इंजिन बॅलन्सिंगच्या यंत्रावर न्यायला हवं का? नाही. पुण्याच्या भारत फोर्जसारख्या ठिकाणी घडलेला क्रँक गाडीच्या कारखान्यात पोचेपर्यंत संतुलित झालेला असतो, काउंटरवेटमध्ये पाडलेली भोकं त्याचीच. जर्नल सगळीकडून सारखे घासले तर त्या संतुलनाला फारसा धक्का लागत नाही. बिघडतं ते पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वेगवेगळ्या वजनाचे पडले की, किंवा दुसऱ्याच गाडीचं फ्लायव्हील लावलं की. उपाय साधा: ग्रॅमचा काटा. चारही पिस्टन तोलायचे, हलका कोणता ते धरून बाकीच्यांचा आतला माल थोडा काढायचा. रॉडची दोन्ही टोकं वेगळी तोलायची. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट काढताना पंचने खूण करून तशीच परत बसवायची. व्ही-आकाराचं इंजिन असेल, तर मात्र क्रँकला मापाची वजनं बांधून यंत्रावरच न्यावं लागतं. आणि चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाने उठणारी जी थरथर असते, ती कितीही घासून जात नाही. त्यासाठी लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलट फिरणारे वेगळे दांडे काढले, मित्सुबिशीने 1975 मध्ये ते पुन्हा चलनात आणले.

खर्चाचं गणित आता बदललं आहे. इंजिनाच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे गिऱ्हाइकाच्या फायद्याचं. पण खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणाला 5,000 रुपये आणि वीस वर्षांपुढे 10,000, तेही धरा. नव्या इंजिनांचे ब्लॉक बहुधा ॲल्युमिनियमचे, त्यांतल्या काहींना बोअर चालतच नाही, आणि हेडचे बोल्ट एकदा ताणले की फेकायचे. गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त खर्च निघत असेल, तर मी इंजिन बांधणार नाही.

बांधायचंच ठरलं तर बोअर करण्याआधी आणि नंतर वर, मध्ये, खाली घेतलेली मापं लिहून मागा, पिस्टन तुमच्यासमोर तोलायला सांगा आणि जुने भाग घरी घेऊन या. कुर्ल्याच्या बाजारातलं तयार हाफ इंजिन, म्हणजे क्रँक-पिस्टनसकट ब्लॉक, स्वस्तात बसवून देतो, असं कोणी म्हणालं तर घाई करू नका. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. पनवेलच्या एमएच-46 गाड्यांसाठी ते काम कळंबोलीच्या आरटीओत होतं.